वज्रांगनेचे डोळे राहिले

नरसम्मा, पहिल्यांदा ती उगवली मोडनिंबच्या एका लग्नाच्या पत्रिकेवर. तुला जाऊन तेव्हा सोळा दिवस झाले होते. वधूच्या नावाखाली आणि वराच्या नावाच्या वर जी कोरी जागा सोडलेली असते, तिथे कुणी ओल्या बोटानं पुसून टाकल्यासारखा एका बाईचा चेहरा. कपाळ, नाक, हनुवटी, मागे घट्ट अंबाडा. डोळे मात्र नाहीत. डोळ्यांच्या जागी नुसता कागद. वधूचा बाप सगळा गठ्ठा घेऊन परत आला आणि तुझ्या भावाच्या, मल्लय्याच्या, छापखान्याच्या उंबऱ्यावर ठेवून गेला. मल्लय्यानं पाणी विचारलं तर ते घ्यायलाही थांबला नाही.

नंतर तेलाच्या डब्याच्या लेबलावर आली. मग एका चादरीवाल्याच्या बिल्ल्यावर, मोराच्या पिसाऱ्याआडून. दर वेळी थोडी जास्त काळी. तुझी वहिनी छापखान्याच्या दाराला लिंबू-मिरची बांधून मोकळी झाली आणि साऱ्या साखर पेठेत सांगत सुटली, "डोळं मागायलीय ती."

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी तुमच्या गल्लीत पाऊल टाकत नव्हते. तू असताना रागानं टाकलं नाही, आणि तू गेलीस त्या दिवसानंतर कुठल्या तोंडानं टाकायचं हे सुचलं नाही.

आपलं भांडण कशावरून होतं हे कुणाला सांगितलं तर हसतील. घर नाही, जमीन नाही, माणूस नाही. एका चित्रातल्या बाईवरून. जी जन्मालाच आली नव्हती ती रंजक आहे की रटाळ, यावरून दोन चांगल्या जाणत्या बायका तीन वर्षं भांडल्या.

तिचा जन्म तुला आठवतच असेल. मी शाळेच्या प्रश्नपत्रिका छापायला घेऊन आले होते आणि तू खिडकीपाशी छपाईच्या दगडावर वाकून बसली होतीस. मिलच्या लेबलासाठी कमळातली लक्ष्मी काढत होतीस. मी आपलं मास्तरकीच्या सवयीनं बोलून गेले, "रोज कमळ काय? हिच्या हातात एकदा दांडपट्टा दे की." तू मान वर केली नाहीस. पुढच्या आठवड्यात गेले तर लेबलाच्या उरलेल्या पट्टीवर दांडपट्टा घेतलेली बाई छापून तयार. मी तिचं नाव वज्रांगना ठेवलं. तुला ते नाव जड वाटलं. तू तिला शेवटपर्यंत 'मन अम्मायी' म्हणालीस, तुमच्या तेलुगूत आपली पोर.

मग दर महिन्याला आठ पानांचं चोपडं. पानावर चार चौकटी, चित्र तुझं, खालच्या दोन ओळी माझ्या. तलवार तिच्या अंगावर वाकायची. आगीतून ती चालत यायची आणि पदराला झळ लागायची नाही. सिद्धेश्वराचं तळं एका उडीत ओलांडायची. गड्ड्याच्या जत्रेत पोरींनी उड्या टाकून ती चोपडी घेतली. दोनचार महिने मलाही हुरूप होता. आणि मग मला कंटाळा यायला लागला.

"अगं, ही विहिरीत पडली तरी हिचं लुगडं भिजत नाही," मी म्हणाले.

"भिजलं तर चुण्या मला काढाव्या लागतील. तुला काय, दोन वळी खरडल्या की झालं."

"थट्टा नाही. हिला भूक नाही, झोप नाही, भीती नाही. जी हरूच शकत नाही तिची काळजी कोण करणार?"

"मी करते की," तू म्हणालीस.

मला वाटलं तू उगाच अडून बसलीस. मी पुरावे गोळा करत गेले. वर्गातली गंगू म्हणाली होती, "बाई, पुढं काय व्हणार ते ठावंच असतंय." ते मी तुला तिखटमीठ लावून सांगितलं. मी म्हणायची, तिला एक जखम दे. एक मूल दे, नाहीतर एखादी चूक करू दे. निदान एकदा रडू दे. तू म्हणायचीस, "कीर्तनात समद्या बायका रडत्यात, तमाशात रडत्यात, आमच्या गल्लीत तर रोजच रडत्यात. एक बाई तर बिनरडती असू दे की." आणि पुढे, जरा वेळानं, बोरू धुता धुता, "ती रडत न्हाय म्हणूनच तर जिवाला घोर लागतो."

मी केस मोकळे सोडायला सांगितले, वाऱ्यावर उडणारे. तू अंबाडाच ठेवलास. "तिला कामं असत्यात," म्हणालीस.

आणि ती शेवटची चौकट! दर अंकाची शेवटची चौकट तू हट्टानं तीच काढायचीस. लढाई संपलेली, गाव वाचलेलं, आणि वज्रांगना आपल्या दारात पाठमोरी उभी राहून पायांवर तांब्यानं पाणी ओततेय. घरात दुसरं कुणी नाही. मी वैतागायची. पाय धुण्याखाली मी काय लिहू? एकदा मी ती गाळायलाच सांगितली. तू दगडावर हात ठेवून म्हणालीस, "हीच तर गोष्ट हाय. बाकीच्या चौकटी पोरींसाठी."

मी ऐकून घेतलं आणि घरी आले. शाळेतून आल्यावर पाय धुतले, चूल पेटवली, एक भाकरी थापली. तेव्हासुद्धा डोक्यात काही आलं नाही. मास्तरणीला अक्कल वाटायचं काम असतं, स्वतःसाठी ती उरतेच असं नाही.

दुसरी माझी तक्रार भुवईची. प्रत्येक अंकात वज्रांगनेची एक भुवई मधे तुटलेली असायची, बारीक पांढरी फट. मला वाटायचं शाई धरली नाही. मी दर महिन्याला कच्च्या छपाईवर तांबड्या शाईनं लिहायची, 'भुवई तुटली आहे, दुरुस्त करावी.' आणि दर महिन्याला ती तशीच. तू हसायचीस. इतकी हसायचीस की खोकला लागायचा. तेव्हा तो नुसता खोकला होता.

वर्गातही हसू असायचं. गंगू चोपडं उघडायची, चित्राकडे बघायची, माझ्याकडे बघायची आणि ओंजळीत तोंड लपवायची. एकदा तिला मी त्यापायी अर्धा तास अंगठे धरून उभी केली.

तुझ्या चिठ्ठ्यांबद्दल लिहायला हवं. दगडावर उलटं लिहिलं की कागदावर सुलटं उमटतं, हे तुझ्या धंद्याचं मूळ. तू शाळेचं तोंड पाहिलं नव्हतंस. अक्षरं शिकलीस ती थेट दगडावर, म्हणजे उलटी. माझ्या ओळी काना-मात्रेची चूक न करता उजवीकडून डावीकडे उतरवायचीस, पण छापील पुस्तक समोर धरलं तर अडखळायचीस. मला चिठ्ठी पाठवायचीस तीही तशीच, पाठ करून बसलेल्या अक्षरांची. ती वाचायला आरसा लागायचा.

माझा आरसा तळहाताएवढा आहे, पत्र्याच्या कडेचा. चौदाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं तेव्हापासून त्याचं काम अंबाड्यापुरतं. सकाळी घटकाभर बघते आणि भिंतीकडे तोंड करून ठेवते. तुझी चिठ्ठी आली की तो दिवसा वळायचा. आरशात धरलं की तू बोलायला लागायचीस, "मास्तरीण, कडक भाकरी अन् शेंगाची चटणी ठेवलीय, ये," असलं काहीतरी. त्या आरशानं बाकी कधी मला कुणाचं बोलावणं दाखवलं नाही.

आता ते भांडण. शेवटचा अंक काढायचा आणि थांबायचं असं आपलं ठरलं होतं, कारण तुला रोज संध्याकाळी ताप चढायला लागला होता. मी शेवट लिहून आणला. बाण लागतो, वज्रांगना पडते आणि रडते. तू चारही ओळी माझ्याकडून दोनदा वाचून घेतल्यास.

"मी न्हाय काढणार," म्हणालीस.

"का?"

"माझ्या हातानं तिला पाडू व्हय?"

मला संताप आला. तीन वर्षं मी या बाईच्या पायधुणीखाली ओळी जुळवल्या, आणि एक शेवट माझ्या मनासारखा मिळू नये? मी म्हणाले, "तुझी ती बाई दगड आहे दगड. आत काही नाही तिच्या. असली बाई मेली तरी कुणाच्या डोळ्याला पाणी यायचं नाही."

तुझा चेहरा असा उतरला की मी बावरले. तू एवढंच म्हणालीस, "असं म्हणू नको तिला. तू तर म्हणूच नको."

मी कागद उचलले आणि निघाले. इन्स्पेक्टरसाहेब शाळा तपासायला येणार होते, मला कामं होती. असत्यातच की कामं.

बारा दिवसांनी तुझी चिठ्ठी आली. मल्लय्या दारातून देऊन गेला. "अक्कानं दिलीय," एवढंच बोलला. मी घडी उघडली, उलटी अक्षरं दिसली, आणि आरसा भिंतीकडे होता तो तसाच राहू दिला. म्हटलं, असेल चारदोन शिव्या. इन्स्पेक्टर गेल्यावर वाचू. चिठ्ठी ट्रंकेत टाकली. आठव्या दिवशी, सकाळचा भोंगा वाजत असताना, मल्लय्या पुन्हा दारात आला, या वेळी रिकाम्या हातानं.

मी रडले नाही, नरसम्मा. हे तुझ्यापासून कशाला लपवू. येऊन तुझ्या पायाला हात लावला, घरी जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं, आणि दुपारी नद्यांचा तास घेतला. भीमा कुठे उगम पावते, सीना तिला कुठे मिळते. गंगू माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी भूत आहे.

आणि मग, परवा, शाळेची बक्षीसपत्रं छापून आली. मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावलं आणि एक पत्र पुढे केलं. विद्यार्थिनीच्या नावासाठी सोडलेल्या जागेत ती होती. बिनडोळ्यांची. एकेका पत्रात, पन्नासांत पन्नास. मोठ्या बाईंनी चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "हे काय प्रकरण आहे, तुम्हीच बघून या."

आज दुपारी चारला मी तुमच्या गल्लीत शिरले. दोन्ही बाजूंनी मागांची खटखट चालू होती. तुमच्या दारापाशी आल्यावर मला उगाच वाटलं की ती थांबली. ती थांबली नव्हती, माझेच कान मिटले होते. तुझी बैठक खिडकीपाशी तशीच. बोरू पेल्यात उभे. पेल्यातलं पाणी आटून तळाला काळं वर्तुळ राहिलं होतं. वहिनी आतल्या दारातच उभी राहिली, चौकटीला धरून.

मल्लय्या बोलू लागला. बोलता बोलता हातानं दगडाची कड पुसत होता.

"दोनदा वाळू घालून घासला, बाई. तरी वर येतंय."

"म्हणजे नीट घासला नसशील."

"पयल्यांदा न्हाय घासला नीट. खोटं कशाला बोलू. अक्काचं शेवटचं काम. हात चालंना. वरवर पुसला अन् पत्रिका चढवली." त्यानं दगडावर तळवा फिरवला. "पर नंतर चांगला घासला की. निघायलाच तयार न्हाय. काढलं, छापलं, लगीच घासलं, की निघतंय. हे लई दिवस तसंच पडून राहिलं. शाईतलं तेल आत आत गेलं. अक्का हात लावू देईना. म्हणायची, थांब, अजून डोळं राहिल्यात."

"डोळे का राहिले?"

"ते मला न्हाय सांगितलं. नुसती दाराकडं बघत बसायची."

त्यानं स्पंज फिरवून दगड ओला केला आणि शाईचा रूळ एकदा, हलक्या हातानं, वरून नेला. करड्या दगडातून ती वर आली. आधी अंबाडा, मग कपाळ. कुणी पाण्याखालून तोंड वर काढावं तशी सावकाश. तीन वर्षांत मी तुला दगडावर काढताना पाहिलं होतं, पण चेहरा कधी नाही. माझी पावलं वाजली की तू दगडावर फडकं टाकायचीस. मला वाटायचं कलावंतांचे नखरे.

कागदावर ती तुटकी भुवई एका बाजूला असायची. दगडावर ती दुसऱ्या बाजूला होती. उजव्या. लहानपणी माढ्याला मामाच्या ओट्यावरून पडून माझी उजवी भुवई फुटली होती. तिथं केस पुन्हा आले नाहीत. रोज सकाळी तळहाताएवढ्या आरशात मी हीच बाई बघते, याच बाजूला हीच फट घेऊन. माणूस स्वतःला उलटं ओळखतं, नरसम्मा. सुलटी मी मला कधी दिसलेच नव्हते. गंगूला दिसले, मोठ्या बाईंना दिसले, सगळ्या वर्गाला दिसले.

ओल्या दगडावर माझी सावली पडली होती आणि तिलाही डोळे नव्हते.

"बाई, बसा," मल्लय्या म्हणाला. "आता सांगा काय करू. गिऱ्हाईक हितं यायला भ्यायलंय. दगड दोनच हायेत माझ्याकडं. उद्या पुन्हा घासू? का फोडूनच टाकू?"

"फोडू नको," मी म्हणाले. "उद्या सकाळी घास. दगडावर दगड घासायचा ना, वरचा ओढायला मी येते."

घरी आले. पाय धुतले. पाठीमागे कुणीतरी उभं राहून ती चौकट बघतंय असं वाटत होतं, पण मागे वळले नाही. ट्रंक उघडली. भिंतीकडे तोंड केलेला आरसा वळवला आणि तुझी चिठ्ठी त्याच्यासमोर धरली.

'मास्तरीण, आपली अम्मायी रडंल. तू म्हनतीस तर रडंल. पडनार मातर न्हाय. समदं काढलं, डोळं राहिलं. रडताना तुजी भुवई कशी होती ते मला ठावं न्हाय. तू माज्याम्होरं कदी रडलीच न्हाईस. एकदा ये. दगड थांबवलाय.'

आठ दिवस होते माझ्याकडे. शाळेतून तुझ्या घरापर्यंत दहा मिनिटांची वाट. तू दाराकडे बघत बसलीस, आणि तितक्या दिवसांत तेल दगडात उतरत गेलं. ते कुणाचं भूत नाही हे मला कळतं, मी शिकलेली आहे. ते माझं न येणं आहे. तेच पत्रिकांवर उमटतंय.

वादात तू जिंकलीस असं मी अजूनही म्हणणार नाही. जिला काहीच होत नाही तिची गोष्ट होत नाही, हे माझं मत कायम आहे. फक्त तिला काही होत नाही हे मी कशावरून ठरवलं? तू तीन वर्षं तिच्या घरापर्यंत गेलीस, तिला पाय धुताना पाहिलंस, आणि मी खाली ओळ लिहायची ती, 'येणेप्रमाणे वज्रांगना विजयी झाली.' मी तिला रटाळ म्हणायची, कोरडी म्हणायची, दगड म्हणायची, आणि तू खाली मान घालून पुन्हा तिलाच काढायचीस. एकदा तरी सांगायचं होतंस गं. नाही, बरं केलंस. मी तुला हसले असते.

उद्या सकाळी आम्ही दगड घासणार. वाळू घालून, पाणी घालून, फट जाईपर्यंत. मल्लय्याला पोट आहे, गावाला लग्नं आहेत. म्हणून आत्ताच लिहितेय, उजेड आहे तोवर. आरसा समोर आहे. आरशात जशी दिसते तशीच तुला हवी, दगडाला उलटीच लागते.

नीट बघून घे. उजवी भुवई, तुटलेली, ती वर जाते. डावी जागची हलत नाही. डोळे मिटत नाहीत, मला वाटलं होतं मिटतील. खालची पापणी आधी भरते, मग नाकाच्या बाजूनं वाट काढते. ओठ दाबलेलेच राहतात. अंबाडा तसाच आहे. मी पडलेली नाही, बसले आहे.

ही अशी, नरसम्मा. आता काढ.